घरचं वाक्य

धम्मानंद सहारेला रोज दोन नावं असायची. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत तो ‘ए धम्मा’ होता. फायली उचल, पाणी ठेव, साहेबांची बेल वाजली की धाव. संध्याकाळी सात वाजता इंदोरा वस्तीतल्या बुद्धविहारामागच्या अभ्यासिकेत पाय ठेवला की त्याच माणसाला चाळीस पोरं-पोरी ‘सर’ म्हणायची. हे ‘सर’ त्याला सरकारनं दिलेलं नव्हतं. एकोणीस वर्षं फळ्यावर खडू झिजवून त्यानं ते मिळवलं होतं आणि पगारापेक्षा त्यालाच तो जास्त जपायचा.

अभ्यासिका म्हणजे तरी काय हो? टिनाचं छप्पर, नंबर टाकलेल्या चाळीस खुर्च्या आणि दोन कूलर, त्यातला एक फक्त आवाज करणारा. बारावी झाल्यापासून ते तिशी उलटेपर्यंतची पोरं तिथं पोलीस, तलाठी, बँक, रेल्वे अशा परीक्षांचा अभ्यास करत बसायची. गणित ज्याचं त्यानं करावं, इतिहास ज्याचा त्यानं पाठ करावा. इंग्रजीसाठी मात्र सर. कारण इंग्रजीच्या प्रश्नाला चार पर्याय असतात, त्यातले दोन उघड चुकीचे असतात आणि उरलेले दोन पोरांचा जीव घेतात.

त्या उरलेल्या दोन पर्यायांसाठीच धम्मानंदचा फळा होता. रोज संध्याकाळी तो त्यावर दोन इंग्रजी शब्दप्रयोग लिहायचा. दिसायला सख्ख्या बहिणी, पण नांदायला वेगवेगळ्या घरी. ‘इन टाइम’ म्हणजे वेळेच्या आत, ‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या ठोक्याला. फळ्याशेजारी खिळ्याला एक जाडजूड रजिस्टर टांगलेलं असे. घरी जाण्याआधी प्रत्येकानं त्यात दोन्ही वापरून दोन वाक्यं लिहायची आणि खाली नाव टाकायचं. सकाळी सहाला येऊन सर लाल पेनानं तपासणार.

यात एक अट होती आणि ती मोडलेली सरांना खपत नसे. वाक्य घरचं पाहिजे. गाइडातलं ‘राम शाळेत जातो’ चालणार नाही. “कोण राम? तुह्या घरी राहते का तो?” असं तो भर अभ्यासिकेत विचारायचा. स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या माणसाचं वाक्य केलं की ते मेंदूला चिकटतं आणि पेपरात घात करत नाही, असा त्याचा अनुभव होता. आणि ते खरंही होतं. एकदा त्यानं ‘ऑन द वे’ आणि ‘इन द वे’ दिलं होतं. पहिल्याचा अर्थ वाटेवर असणं, दुसऱ्याचा वाटेत आडवं येणं. एका पोरानं लिहिलं, ‘माझा मामा वाटेवर आहे. माझा मामा वाटेत आडवा आहे.’ खाली लाल शाईत शेरा पडला, ‘दोन्ही बरोबर. मामाले नमस्कार.’ त्या पोराला पुढं बँकेत नोकरी लागली.

पण धम्मानंदला वाक्य बरोबर की चूक एवढंच दिसायचं, आणि हे मला सांगताना राग येतो. एकदा ‘यूज्ड टू’ची जोडी होती. एकाच शब्दाचे दोन उपयोग, एकात माणूस पूर्वी एखादी गोष्ट करायचा, दुसऱ्यात त्याला तिची सवय झालेली असते. प्रीती नावाच्या मुलीनं लिहिलं, ‘माझी आई रडायची. माझ्या आईला रडायची सवय झाली आहे.’ आता बोला! चांगल्या शहाण्या माणसानं पेन खाली ठेवून त्या पोरीला जवळ बोलावलं असतं की नाही? आमच्या सरांनी दोन लाल टिका मारल्या आणि लिहिलं, ‘व्हेरी गुड.’ माणूस वाईट नव्हता हो. पण इंग्रजी त्याच्यासाठी इतकी उंचावरची वस्तू होती की तिच्यात कोणी रडत असेल, असं त्याच्या मनातच येत नसे.

त्यालाही कारण होतं. त्याचे वडील धोंडबा कापड गिरणीत कामाला होते. छप्पन साली विशीतल्या धोंडबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन आईला सांगितलं की आता आपल्या घरात इंग्रजी आलं पाहिजे. लग्न नाही, पोरं नाहीत, आणि इंग्रजीचा बेत आधी तयार. पुढं धम्मानंद झाला, बारावी शिकला, शिपाई म्हणून लागला आणि नोकरीच्या पाचव्या वर्षी कारकून होण्यासाठी खात्याच्या परीक्षेला बसला. बाकी सगळं सुटलं. इंग्रजीत तीन मार्कांनी गेला. दोन-दोन पर्यायांतला चुकीचाच त्यानं निवडला होता. कचेरीतले मोठे बाबू शरच्चंद्र निकालाचा कागद हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, “धम्मा, तू चहा फार छान आणतोस. देवानं एकेकाला एकेक काम दिलेलं असतं.” सगळे हसले. धम्मानंदही हसला. त्या परीक्षेला तो पुन्हा कधी बसला नाही. का नाही बसला, हे त्याला कोणी विचारलं नाही.

पण ज्या गोष्टीनं हात भाजला तीच त्यानं पदरात घेतली. जुन्या बाजारातून व्याकरणाची पुस्तकं आणून वर्षानुवर्षं तो एकेक जोडी घोटत राहिला. मग अभ्यासिका सुरू झाली आणि त्याच्या फळ्याखालून पोरं एकेक करत साहेब होऊन गेली. निकाल लागला की पेढ्याचा पुडा घेऊन यायची, वाकून पाया पडायची. त्या दिवशी धम्मानंद घरी जाताना सायकलवर ताठ बसायचा.

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की त्याची स्वतःची मुलगी मेघा सहा वर्षांपासून अकरा नंबरच्या खुर्चीवर बसून होती.

मेघा एकोणतीस वर्षांची. अंगणवाडीत जायच्या आधीपासून बापाच्या तोंडून या जोड्या ऐकत वाढलेली. तिचं इंग्रजी त्या अख्ख्या अभ्यासिकेत सगळ्यांत चांगलं. पण परीक्षा काही इंग्रजीची एकटीची नसते. कधी चार मार्कांनी गेलं, कधी दोन. एकदा मुलाखतीपर्यंत पोचली आणि यादीतून राहिली. मागच्या वेळी दीड मार्क. दर वेळी धम्मानंद त्याच रात्री कागद घेऊन बसायचा, कुठं किती गेले याचा हिशोब मांडायचा आणि म्हणायचा, “दीडच मार्क, बाई. दीड म्हणजे काहीच नाही. यंदा होऊनच जाते.” वस्तीतल्या बायाही तेच म्हणायच्या. मेघा मान हलवायची आणि सकाळी पुन्हा अकरा नंबरवर जाऊन बसायची. रजिस्टरमध्ये मात्र तिनं कधी वाक्य लिहिलं नाही. सगळी पोरं तिच्या खांद्यावरून वाचतील, सरांची पोरगी काय लिहिते ते पाहतील, याची तिला लाज वाटे. धम्मानंदला ते आतून लागत होतं, पण तो कधी बोलला नाही.

या एप्रिलमध्ये एक गोष्ट घडली, ती धम्मानंदला सोडून घरात सगळ्यांना माहीत होती. घरात होतंच कोण म्हणा, मेघा आणि तिची आई तारा. अभ्यासिकेतली जुनी मैत्रीण सोनिका दोन वर्षांपूर्वी अभ्यास सोडून मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत लागली होती. विमानाच्या सुट्या भागांच्या गोदामात तिचं काम. तिथं एक जागा निघाली. मेघा आईला सांगून गुपचूप मुलाखत देऊन आली आणि तिला घेतलं. सोमवारपासून यायचं, आणि येणार की नाही ते शनिवार दुपारपर्यंत फोनवर सांगायचं. आठवड्याचे सहा दिवस काम, जायला-यायला कंपनीची बस. म्हणजे हे धरलं तर सातव्यांदा परीक्षा नाही.

मेघाला ते धरायचं होतं. जिवापासून धरायचं होतं. पण बापाला सांगायचं कसं? सोमवारी तिनं तोंड उघडलं, तर धम्मानंद म्हणाला, “फॉर्मची तारीख आली, पाह्यलं का?” मंगळवारी उघडलं, तर तो कचेरीतल्या कोणाला तरी फोनवर सांगत होता, माझी मुलगी यंदा नक्की. बुधवारी तिनं उघडलंच नाही.

गुरुवारी संध्याकाळी धम्मानंदनं फळ्यावर जोडी लिहिली, ‘टायर्ड फ्रॉम’ आणि ‘टायर्ड ऑफ’. नेहमीप्रमाणे समजावून सांगितली. पहिल्यात अंग थकतं. दिवसभर ओझी वाहिली की माणूस थकतो, झोपला की ताजा होतो. दुसऱ्यात मन विटतं. त्याला झोपेचा इलाज नाही. “पेपरात लय जण इथंच मार खातात,” तो म्हणाला, “ध्यान ठेवा.”

शुक्रवारी सकाळी सहाला त्यानं रजिस्टर काढलं. एकेक वाक्य तपासत खाली आला आणि शेवटी मेघाचं अक्षर दिसलं. त्याला आधी खरंच वाटेना. ‘आय अॅम टायर्ड फ्रॉम स्टडीइंग. आय अॅम टायर्ड ऑफ स्टडीइंग फॉर माय फादर.’ खाली नाव, मेघा सहारे. दोन्ही वाक्यं बिनचूक. धम्मानंदनं दोन मोठ्या लाल टिका मारल्या, ‘एक्सलंट’ लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा पोरीनं रजिस्टरला हात लावला होता. आनंदाच्या भरात त्यानं कधी नाही ते रजिस्टर परत खिळ्याला न टांगता काखेत मारलं आणि ताराला दाखवायला घर गाठलं.

तारा कणीक मळत होती. मेघा आंघोळीला गेली होती.

“पाह्य वं,” तो म्हणाला, “मेघानं लिहिलं. दोन्ही बरोबर.”

“मले काय समजते त्यातलं? मराठीत सांगा.”

“सांगतो ना.” त्यानं चष्मा नाकावर नीट बसवला आणि शिकवायच्या आवाजात सुरुवात केली. “पहिलं वाक्य असं आहे. मी अभ्यास करून थकली.”

“मंग?”

“दुसरं...” धम्मानंद बोलता बोलता थांबला. बोट वाक्यावरच राहिलं. इंग्रजीत ते वाक्य त्यानं दोनदा वाचलं होतं, टीक मारली होती, रेघा ओढल्या होत्या. मराठीत आणायला गेला तर पहिलाच शब्द ‘बाप’ आला.

“दुसरं काय जी?”

“बापासाठी अभ्यास करून करून...” तो हळू म्हणाला. “मी विटली.”

ताराचे हात परातीत थांबले. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, कणकेकडेच पाहत राहिली. मग तिनं सगळं सांगितलं. सोनिका, मिहान, मुलाखत, शनिवारचा फोन.

धम्मानंदला पहिल्यांदा आला तो राग. “तुले माहीत होतं आन् तू मले सांगतलं नाही?”

“मले इंग्रजी येत नाही,” तारा म्हणाली. “बाकी या घरातलं सगळं येते. पोरगी तीन वर्षांपासून धड जेवत नाही, ते तुमाले दिसलं नाही.”

“अवं पण दीड मार्कावर आली ती. आता सोडते म्हणते? लोक दहा-दहा खेपा देतात.”

“तुम्ही किती दिल्या जी?” तारानं विचारलं. आवाज चढवून नाही, साधं विचारलं. “तुम्ही तं एकाच खेपेत उठले होते. मी तुमाले कधी काही म्हटलं का?”

तीस वर्षांत तिनं खरंच एका शब्दानं विचारलं नव्हतं. धम्मानंदनं रजिस्टर मिटलं, आणि न जेवता, डबाही न घेता तो कचेरीत निघून गेला. आंघोळ करून मेघा बाहेर आली तेव्हा परातीशेजारी ते रजिस्टर पडलेलं होतं. तिनं उघडून पाहिलं. दोन लाल टिका आणि ‘एक्सलंट’. ती पुस्तकं घेऊन अभ्यासिकेत गेली.

कचेरीत त्या दिवशी साहेबांची बेल दोनदा वाजली आणि धम्मानंदला ऐकू आली नाही. त्याला फार वाईट वाटत होतं. पोरीनं नोकरी शोधली याचं नव्हे, त्याचं काय वाईट वाटायचं? तिनं आपल्याला तोंडानं न सांगता लिहून सांगितलं आणि आपण तिला मार्क दिले, याचं. जुनी वाक्यंही त्याला एकेक करून आठवायला लागली. प्रीतीची आई आठवली. त्या पोरीचं पुढं काय झालं, हे त्याला माहीतही नव्हतं. दुपारी बारा वाजता त्यानं अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला आणि भर उन्हात सायकल काढली.

अभ्यासिकेत त्या वेळी सहा-सात जणच होते. कूलर घरघरत होता. मेघा पुस्तक उघडं ठेवून समोर भिंतीकडे पाहत बसली होती. बापाला अवेळी पाहून ती दचकून उभी राहिली.

“आजीची तब्येत...?”

पार्वतीबाई, म्हणजे धम्मानंदची आई, गावी त्याच्या बहिणीकडे असायची.

“सगळे बरे आहेत,” तो म्हणाला. “बाहेर ये.”

विहाराच्या पायरीवर सावली होती. दोघं बसले. धम्मानंदनं काय काय ठरवून आणलं होतं, पण जुनी खोड जाते कुठं? तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हेच, “दीडच मार्क होता, बाई.”

मेघा रडली नाही की चिडली नाही. जमिनीकडे पाहत म्हणाली, “बाबा, सहा वर्षं झाली, मी तुमचा पेपर देऊन राहिली. माझा असता तं कवाच सोडला असता, नाही तं कवाच पास झाली असती. तुमचा आहे म्हणून सोडताही येत नाही.”

धम्मानंदनं खिशातून रुमाल काढला. चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

“मी एकदाच बसलो होतो,” तो म्हणाला. “तुले माहीत आहे?”

“आईनं सांगतलं होतं.”

“काहून पुन्हा बसलो नाही, ते नाही सांगतलं. तिलेही माहीत नाही. शरच्चंद्र बाबू पुन्हा हासतीन म्हणून बसलो नाही. भेव वाटला, बाई. बाकी काही नाही. अभ्यास होता, वेळ होता, तुझे आजोबा दर वर्षी फॉर्म आणून द्यायचे. मी म्हणायचो, साहेब सुट्टी देत नाही.” त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “त्यायच्याशी खोटं बोललो, आन् तुले सहा वर्षं बसवून ठेवलं.”

मेघानं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हा बाप तिनं कधी पाहिला नव्हता. तिला त्याची दया आली, आणि दया आली याचा त्रासही झाला. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मी दिला असता अजून एकदा,” ती म्हणाली. “तुम्ही म्हटलं असतं तं दिला असता.”

“माहीत आहे. म्हणूनच म्हणत नाही.” त्यानं तिच्या हातातला मोबाइल पाहिला. “त्यायले कवा सांगायचं आहे?”

“उद्यापर्यंत.”

“उद्याची वाट काहून पाहायची? लाव.”

मेघानं फोन लावला. पलीकडं कोणी साहेब होते, इंग्रजीत बोलत होते. तीही इंग्रजीत बोलली. नाव सांगितलं, सोमवार म्हणाली, बस कुठून मिळेल ते विचारलं, दोनदा आभार मानले. बोलताना एका ठिकाणी ती अडखळली आणि वाक्य फिरवून पुन्हा बोलली. धम्मानंद शेजारी बसून ऐकत होता. कोणी इंग्रजी बोलायला लागलं की त्याचं मन आपोआप लाल पेन उचलायचं. या वेळी उचललं नाही. तो फक्त तिच्या आवाजाकडे लक्ष देऊन होता. आवाज हळूहळू मोकळा होत गेला.

फोन ठेवून मेघा म्हणाली, “बाबा, मले झोप येऊन राहिली.”

“मंग घरी जाऊन झोप.”

“पुस्तकं आतच आहेत.”

“राहू दे. मी आणतो.”

ती घरी गेली. दुपारी दीड वाजता माजघरात सतरंजी टाकून आडवी झाली. तीन वाजले, चार वाजले, पाच वाजले तरी तिनं कूस बदलली नाही. तारा दोनदा डोकावून गेली. दुसऱ्या वेळी म्हणाली, “उठवू का? दिवसाभरात पोटात काही गेलं नाही.” धम्मानंदनं मान हलवून नको म्हटलं. पुस्तकांच्या दोन पिशव्या त्यानं अभ्यासिकेतून आणून कपाटाखाली सरकवल्या होत्या. मग दाराशी स्टूल टाकून तो बसून राहिला. दीड मार्क काही डोक्यातून हलत नव्हता.

ऊन कलल्यावर शेजारच्या यमुताई चौकातून भाजी घेऊन आल्या. शुक्रवारी, त्याही वेळी, सर दारात बसलेले पाहून थांबल्या आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, “काय जी सर, आज कचेरी नाही? आन् आपल्या मेघाची परीक्षा कवा आहे?”

धम्मानंदनं एकदा मागं वळून आत पाहिलं.

“संपली, यमुताई,” तो म्हणाला. “झोपली आहे. जरा हळू बोला.”